वाचनविमुख मुले आणि विनोदी गोष्टींची पुस्तके
(इयत्ता ३ री व ४ थीच्या शिक्षकांसाठी)

चौथीच्या वर्गात वाचनाचा तास चालू असला म्हणजे एक देखावा बहुतेक शाळांतून पाहावयास मिळतो. गुरुजी एकेका मुलास उभे करून धड्यातील परिच्छेद वाचावयास सांगतात. पुढची मुले घडाघडा वाचतात. पाळी मागे सरकत जाते, तसतसा शेवटच्या ओळीतील एक मुलगा अस्वस्थ होऊ लागतो. त्याचे पुस्तक घरी राहिलेले असते, नाही तर नेमकी त्याच वेळी त्यास तहान लागते. अखेर उभे राहावेच लागले, तर तो एकेका अक्षरावर बोट ठेवीत पुढे जातो, काना, मात्रा, वेलांटी जुळवितो, जोडाक्षरापाशी अडखळतो, आणि ओळीच्या शेवटास पोचेपर्यंत ओळीच्या आरंभी काय होते ते विसरून गेलेला असतो. वर्गात कोणी तरी हसते. मुलगा खाली बसतो. त्या दिवशी तो वाचावयास शिकलेला नसतो. वाचन ही फजितीची जागा आहे, एवढेच तो शिकलेला असतो.

हाच मुलगा मधल्या सुट्टीत लिंबाच्या झाडाखाली उभा राहून बाजारात बैल उधळल्याची हकीकत अशी रंगवून सांगतो की, वर्गातील हुशार विद्यार्थीही पोट धरून हसतात. त्याच्यापाशी भाषा आहे, निरीक्षण आहे, गोष्ट कोठे थांबवावी आणि कोठे पुढे न्यावी याची जाण आहे. नाही ती केवळ छापील ओळीविषयीची आपुलकी. वर्गात इतर त्यास हसतात आणि मैदानावर तो इतरांस हसवितो, या दोन हसण्यांमधील अंतर योग्य पुस्तकाच्या साहाय्याने कसे कमी करता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

वाचनविमुख मुलांत दोन प्रकार असतात. काहींना वाचता येत नाही. काहींना वाचता येते, पण ती वाचीत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मुलाविषयी शाळेस काळजी वाटते. दुसऱ्याविषयी ती सहसा वाटत नाही, कारण परीक्षेपुरते वाचून तो निभावून नेतो. परंतु हे दोन प्रकार फार काळ वेगळे राहत नाहीत. ज्यास वाचणे जड जाते तो वाचन टाळतो. टाळल्यामुळे सराव घडत नाही. सराव नसल्यामुळे वाचन अधिकच जड होते. उलट, ज्यास थोडे येते तो गोडीने अधिक वाचतो, आणि अधिक वाचल्याने त्याचे शब्दभांडार वाढून पुढचे वाचन सोपे होते. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली या घटनेची सविस्तर मांडणी केली. पहिलीत दोन मुलांमध्ये बोटभर असलेले अंतर चौथीपर्यंत हातभर होते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

हा प्रश्न चार-दोन मुलांपुरता नाही. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०२२ साली तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०.५ टक्के आढळली. २०२४ साली हे प्रमाण २७.१ टक्के झाले. म्हणजे चारांतील तीन मुले त्या पातळीस पोचलेली नव्हती. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. येथे ‘अर्थ समजून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अक्षरे जुळवून उच्चार करणे निराळे आणि वाचणे निराळे. मूल समजून वाचते आहे किंवा नाही, हे ओळखावयाचे तरी कशाने?

२. हसणे ही आकलनाची खूण

प्रश्नोत्तरे ही त्याची नेहमीची कसोटी. पण ती वाटते तितकी खात्रीची नाही. ‘शेतकऱ्याने विहिरीत काय टाकले?’ असे विचारले, तर चलाख मूल धड्यात ‘विहिरीत’ हा शब्द शोधते आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवून देते. उत्तर बरोबर येते. अर्थ समजलेला असतोच असे नाही.

विनोदाचे तसे नाही. आर्नॉल्ड लोबेल या अमेरिकन लेखक-चित्रकाराचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. नवशिक्या वाचकांसाठी त्याने १९७० ते १९७९ या काळात एक बेडूक आणि त्याचा खरबरीत कातडीचा भाईबंद टोड या दोन मित्रांच्या गोष्टींची चार पुस्तके लिहिली. प्रत्येक पुस्तकात पाच लहान गोष्टी आहेत. १९७२ च्या पुस्तकातील एका गोष्टीत टोड सकाळी उठून दिवसभराच्या कामांची यादी करतो. उठणे हे पहिले काम. ते झाले म्हणून तो त्यावर रेघ मारतो. मग न्याहारी, मग कपडे, मग मित्राकडे जाणे, अशी कामे होत जातात व रेघा पडत जातात. दोघे फिरावयास निघतात, तोच वाऱ्याने यादी उडते. बेडूक म्हणतो, धाव आणि पकड. टोड म्हणतो, ते जमणार नाही. यादीमागे धावणे हे काम यादीत नाही!

येथे जे मूल हसते त्यास काय काय समजलेले असते? यादी म्हणजे काय, हे समजलेले असते. टोड यादीचा गुलाम झाला आहे, हे समजलेले असते. यादी वाचवावयाची तर यादी मोडावी लागेल, हा पेच समजलेला असतो. आणि टोडच्या मनात आहे ते आपल्या मनात नाही, आपण त्याच्याहून थोडे शहाणे आहो, हेही समजलेले असते. गोष्टीतील एकाही वाक्यात हे उघड सांगितलेले नाही. ओळींच्या मधला हा अर्थ मुलाने स्वतः जुळविलेला असतो. दहा प्रश्न विचारून जे कळावयाचे ते त्या एका हसण्याने कळते.

इतरांचे पाहून हसणारी मुलेही असतात, हे खरे. परंतु ती नेहमी क्षणभर उशिरा हसतात आणि पुस्तकाकडे न पाहता शेजाऱ्याकडे पाहतात. शिक्षकाची नजर सावध असेल, तर हा फरक लपत नाही. आणि एकटेच बसून पुस्तकात डोके घातलेले मूल जेव्हा मध्येच खुदकन हसते, तेव्हा तर शंकेस जागाच उरत नाही.

विनोदाचा दुसरा गुण भीतीशी संबंधित आहे. वाचनात मागे पडलेले मूल चुकण्यास भिते. विनोदी गोष्टीतील नायक स्वतःच चुकत असतो, धडपडत असतो, त्याची फजिती होत असते. आणि तरीही तो सर्वांस आवडतो. चुकणाऱ्यालाही गोष्टीत मानाची जागा आहे, हे पाहून मूल सैल होते. तिसरा गुण असा की, मिळालेला विनोद मूल स्वतःपाशी ठेवीत नाही. ते मित्रास तो वाचून दाखविते, घरी धाकट्या बहिणीस दाखविते, आणि न सांगता त्या पानाची चार उजळण्या होतात.

३. अमेरिकेतील एक अनुभव

विनोदी वाचनपुस्तकांचा हा विचार अमेरिकेत कसा रुजला, तो इतिहास बोधप्रद आहे. १९५४ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात जॉन हर्सी या लेखकाने तेथील शाळांतील वाचनपाठांवर टीकालेख लिहिला. त्या पुस्तकांतील मुले कधी मळत नाहीत, भांडत नाहीत, चुकत नाहीत. चित्रे निर्जीव आहेत. मग मुलांनी ती का वाचावी, असा त्याचा आक्षेप होता. यातूनच एका प्रकाशन संस्थेतील शिक्षणविभागाच्या प्रमुखाने थिओडोर गाइझेल, म्हणजे डॉ. स्यूस, या चित्रकार-लेखकास ठराविक सोप्या शब्दांतच, परंतु मुलास खाली ठेववणार नाही असे पुस्तक लिहिण्याचे आव्हान दिले. त्यातून १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक निघाले. त्यात निरनिराळे शब्द अवघे २३६ आहेत. पावसाच्या दिवशी घरात शिरून सगळा गोंधळ घालणारे मांजर हा त्याचा विषय. शब्द थोडे असले म्हणजे मजकूर रुक्ष होतो, हा समज या पुस्तकाने खोटा ठरविला.

त्याच वर्षी एल्स होल्मलुंड मिनारिक या बाईंचे ‘लिट्ल बेअर’ हे पुस्तक मॉरिस सेंडॅक यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. मिनारिकबाई स्वतः पहिलीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या पुस्तकाचा विशेष असा की, चार छोट्या गोष्टी चार प्रकरणांसारख्या मांडून त्यांनी लहान मुलाच्या हाती मोठ्यांच्या पुस्तकासारखे पुस्तक दिले. पहिल्या गोष्टीत अस्वलाचे पिल्लू थंडी वाजते म्हणून आईकडे टोपी मागते, मग कोट मागते, मग विजार मागते. तरीही थंडी जात नाही. शेवटी ते केसाळ कोट मागते, तेव्हा आई एकेक कपडा उतरवून घेते आणि त्याच्या अंगचा कोट त्यास दाखविते. पिल्लू बाहेर जाते. त्यास थंडी वाजत नाही. वाक्ये लहान, तीच तीच, आणि तरी शेवटी हसू येते. शिक्षिका वर्गासमोर उभी राहून लिहिते तेव्हा काय साधते, याचा हा नमुना होय.

पुढच्या काळातील एक उदाहरण थोडे अवघड आहे. डेव्ह पिल्की या लेखकास बालपणी लक्ष एकाग्र करणे व वाचणे या दोन्ही गोष्टी कठीण जात. वर्गात चुळबुळ केल्याबद्दल त्यास वारंवार बाहेर व्हरांड्यात बसविले जाई. तेथे बसून तो चित्रकथा काढीत असे. त्याचा विनोदी नायक दुसरीत असतानाच जन्मास आला. १९९७ साली तो नायक ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या पुस्तकातून वाचकांपुढे आला. अत्यंत आखूड प्रकरणे, पानोपानी चित्रे आणि शाळेच्या मुख्याध्यापकाचीच केलेली थट्टा, असे त्याचे स्वरूप आहे. न वाचणाऱ्या मुलांनी या मालेवर उडी घातली. त्याबरोबरच पालकांचे आक्षेपही आले, इतके की, २०१२ व २०१३ या दोन्ही वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघाच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही माला पहिली होती. ज्यास वर्गाबाहेर काढले त्यानेच वर्गाबाहेर काढल्या जाणाऱ्या मुलांना वाचावयास लावले, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये. आणि कोणता विनोद वर्गात आणावा याचा विचार शिक्षकानेच करावयाचा आहे, हेही विसरू नये.

४. छोट्या प्रकरणांचे कार्य

विनोद मुलास पुस्तकाकडे ओढतो. प्रकरण त्यास पुस्तकात टिकवून धरते. मागे पडलेल्या मुलास पन्नास पानांचे सलग पुस्तक डोंगरासारखे वाटते. तेच पुस्तक चार-चार पानांच्या प्रकरणांत विभागले असेल, तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक टेकडी चढून गेल्याचा आनंद मिळतो. ‘माझी तीन प्रकरणे झाली’ असे म्हणावयास मिळणे ही त्या मुलाच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते. शिवाय हाती असलेले पुस्तक बाळबोध चित्रांचे नसून मोठ्या मुलांच्या पुस्तकासारखे असते. चौथीच्या मुलास पहिलीचे पुस्तक देणे हा त्याचा अपमान होतो. प्रकरणांचे सोपे पुस्तक दिल्यास तो होत नाही.

एकच नायक सर्व प्रकरणांतून येतो, याचाही मोठा उपयोग आहे. नव्या गोष्टीत शिरताना मुलास नवी माणसे, नवी जागा, नवे शब्द यांचा भार एकदमच उचलावा लागतो. नायक ओळखीचा असला, त्याचे घर, त्याची खोड, त्याचे नेहमीचे उद्गार माहीत असले, म्हणजे हा भार निम्मा होतो. उरलेले लक्ष जोडाक्षरास देता येते. तेच ते शब्द पुनःपुन्हा भेटल्याने अक्षरे जुळविण्याची पायरी मागे पडते आणि शब्द एका नजरेत उचलला जाऊ लागतो. एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली पुनर्वाचनाची जी पद्धत मांडली तिचा आधार हाच आहे: लहानसा उतारा अनेकदा वाचला म्हणजे गती वाढते, आणि गती वाढली म्हणजे मन अर्थाकडे लावता येते. धडा पाचव्यांदा वाचावयास सांगितला तर मूल कंटाळते. हसविणारे पान ते आपण होऊन पाचव्यांदा वाचते.

५. मराठीतील सामग्री

मराठीत अशा पुस्तकांची परंपरा नाही असे नव्हे. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ ही खरीखुरी, खोडकर, प्रेमळ मुले मराठी बालवाचकांना दिली. भा. रा. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ हे मासिक काढले आणि पुढे फुरसुंगीच्या बनेश फेणे यास, म्हणजे फास्टर फेणेस, घरोघरी पोचविले. त्या कथा साहसाच्या असल्या, तरी त्यांची चाल हसरी आहे. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ हा अलीकडच्या काळातील असाच एक लाडका नायक होय. एक नायक, अनेक पराक्रम आणि थट्टेचा सूर ही तिन्ही लक्षणे यांत आहेत.

मात्र शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पुस्तके ज्यास बऱ्यापैकी वाचता येते अशा मुलासाठी आहेत. त्यांतील प्रकरणे लांब, वाक्ये मोठ्यांची आणि पुष्कळदा वातावरण शहरी आहे. अडखळत वाचणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती ती एकदम दिल्यास त्याचा धीर खचेल. ती प्रथम शिक्षकाने वाचून दाखवावी. चित्रमय पुस्तके आणि ही पुस्तके यांच्यामध्ये जी पायरी हवी तेथे मराठीत सामग्री अद्याप विरळ आहे. ही उणीव काही अंशी भरून काढता येते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत विभागून विनामूल्य ठेवल्या आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संगणकावर पाहता येतात. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतून घरातील साध्या प्रसंगांतला हळुवार विनोद मिळतो. बिरबलाच्या गोष्टी व भोपळ्यात बसून लेकीच्या घराहून परतणारी म्हातारी तर मुलांच्या कानांस आधीच परिचित असतात. ऐकलेली गोष्ट छापील रूपात भेटली म्हणजे वाचन निम्मे सोपे होते. तरीही सर्वांत हुकमी साधन म्हणजे वर्गातच तयार केलेले पुस्तक. त्याचा विचार पुढे सातव्या भागात येईल.

६. वर्गातील योजना

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीचा गोंगाट करणारा वर्ग हाती घेतो, तेव्हा तो गोष्टींचा आधार घेतो. गोष्टीने वर्ग बांधला जातो आणि मग पुस्तकांकडे वाट निघते. त्याच धर्तीवर एका पुस्तकासाठी पुढील क्रम ठेवावा.

(अ) पहिला दिवस : शिक्षकाने पहिले प्रकरण स्वतः, हावभावांसह, परंतु नाटकीपणा न करता वाचावे. विनोदाच्या जागेआधी क्षणभर थांबावे. हसे आटोपल्यावरच पुढे जावे. प्रकरण संपताच पुस्तक मिटावे. प्रश्न विचारू नयेत.

(आ) दुसरा दिवस : तेच प्रकरण फळ्यावर किंवा तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सर्वांनी मिळून वाचावे. मागे पडलेल्या मुलाचा आवाज समूहात मिसळतो. त्यास उघडे पडण्याचे भय राहत नाही. अवघड जोडाक्षरे येथेच हसतखेळत घ्यावी.

(इ) तिसरा दिवस : मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने निवेदन वाचावे, दुसऱ्याने नायकाची बोलणी वाचावी. मागे पडलेल्या मुलास नायकाचे काम द्यावे. बोलणी आखूड असतात व हशा त्यांवरच होतो.

(ई) चौथा दिवस : दुसरे प्रकरण शिक्षकाने अर्धे वाचावे आणि ऐन रंगात थांबावे. पुस्तकाच्या दोन-तीन प्रती वाचनकोपऱ्यात उघड्या ठेवाव्या. पुढे काय झाले ते कोणीही पाहावे, सक्ती नाही.

(उ) पाचवा व सहावा दिवस : स्वतंत्र वाचनास पंधरा मिनिटे द्यावी. त्या वेळी शिक्षकानेही आपले पुस्तक वाचावे. ज्यास एखादे पान वाचून दाखवावेसे वाटेल त्याने ते आधी दोनदा घोकून मग पहिली-दुसरीच्या मुलांस दाखवावे. चौथीतील मागे पडलेले मूल पहिलीच्या वर्गात मोठा वाचक ठरते; त्या वर्गाचे हसू त्याच्या वाचनास मिळालेले असते.

सहा दिवसांच्या अखेरीस शिक्षकाने वहीत तीन नोंदी कराव्या : कोणते मूल कोणत्या जागी हसले, कोणी पुस्तक आपण होऊन हाती घेतले, आणि कोणी ते घरी मागितले. गुण देऊ नयेत.

७. वर्गात तयार केलेले पुस्तक

ज्या शाळेत पुस्तके थोडी आहेत, किंवा मुलांची घरची बोली अहिराणी, मालवणी, भिली, गोंडी अशी आहे, तेथे हा उपाय विशेष उपयोगी पडतो. मुलांनी सांगावे, शिक्षकाने लिहावे, मुलांनी चित्रे काढावी, आणि पाने शिवून पुस्तक करावे. प्रकरण आठ-दहा ओळींहून मोठे नसावे. नमुना म्हणून ‘शाळेतली शेळी’ या पुस्तकाचा आराखडा देता येईल.

प्रकरण १ : हजेरी चालू असताना एक शेळी वर्गात येऊन बसते. गैरहजर मुलाचे नाव पुकारले जाते आणि शेळी ‘बें’ करते. गुरुजी मान वर न करता हजेरी लावतात.

प्रकरण २ : शेळी एका मुलाची गृहपाठाची वही खाते. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाच्या वह्या ‘शेळीने खाल्लेल्या’ असतात. मात्र शेळी त्या दिवशी आलेलीच नसते.

प्रकरण ३ : पोषण आहाराच्या रांगेत शेळी सर्वांत पुढे. खिचडी वाढणाऱ्या मावशी म्हणतात, ‘ताट कोठे आहे?’ शेळी रांगेत मागे जाऊन पुन्हा उभी राहते.

प्रकरण ४ : केंद्रप्रमुख तपासणीस येतात. हजेरीपटावर मुले एकवीस, वर्गात मुले वीस. गुरुजी तीनदा मोजतात. मागून आवाज येतो, ‘बें.’

प्रकरण ५ : शेळीची मालकीण आजी शोधीत येते. मुले म्हणतात, ‘आजी, तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा.’ आजी म्हणते, ‘तिला कशाला? मलाच तुमच्या शाळेत घाला.’

या आराखड्यात ‘हजेरी’, ‘शेळी’, ‘गुरुजी’ हे शब्द एकाहून अधिक प्रकरणांत परत येतात, हे शिक्षकाच्या लक्षात येईल. अवघड शब्द दर प्रकरणात दोन-तीनच आहेत. सर्व प्रसंग शाळेच्या आवारातील असल्याने कोणत्याही मुलास ते परके नाहीत. बोलीतील शब्द मुलाने वापरला, तर तो तसाच ठेवावा आणि शेजारी प्रमाण शब्द लिहावा. त्यामुळे मुलाच्या शब्दाचा मान राहतो व नवा शब्दही पदरी पडतो. तिसरी-चौथीत शब्दांच्या दुहेरी अर्थावर आधारलेली गंमतही येऊ द्यावी. गुरुजी म्हणतात, ‘पाठ दाखव,’ आणि मुलगा पाठमोरा उभा राहतो. एवढ्यानेही मूल शब्दाकडे बारकाईने पाहू लागते. ज्या मुलास बैल उधळल्याची हकीकत सांगता येते, त्याच्या हकीकतीचे पहिले पुस्तक व्हावे. स्वतः सांगितलेली वाक्ये तो न अडखळता वाचतो, कारण पुढचा शब्द त्यास आधीच ठाऊक असतो.

८. काही पथ्ये

१) गोष्ट संपल्यावर ‘यावरून काय बोध झाला?’ असे विचारू नये. विनोद समजावून सांगू लागले की तो मरतो, आणि पुढच्या वेळी मूल हसण्याआधी बोध शोधू लागते.

२) कोणाच्या व्यंगावर, रंगावर, जातीवर, गरिबीवर वा तोतरेपणावर उभारलेला विनोद वर्गात आणू नये. ज्या पुस्तकास हसताना वर्गातील एकाही मुलाची मान खाली जाते ते पुस्तक बाजूस ठेवावे. उलट, मोठ्यांची थट्टा, गुरुजींचीसुद्धा, मर्यादेत असल्यास चालू द्यावी. शिक्षक स्वतः त्या थट्टेस हसले, तर वर्गातील भय कमी होते.

३) पूर्वतयारीवाचून कोणासही मोठ्याने वाचावयास उभे करू नये.

४) ‘हे का अभ्यासाचे पुस्तक आहे?’ असे पालक विचारतील. त्यांस सभेत बोलावून मुलाकडून एक पान वाचून घ्यावे. गेल्या महिन्यात अडखळणारे आपले मूल वाचून सर्वांस हसविते आहे, हे आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

५) पुस्तके फाटतील म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. वापराने जीर्ण झालेले पुस्तक ही ग्रंथालयाची हानी नव्हे.

६) विनोदी पुस्तके हे संपूर्ण वाचनशिक्षण नव्हे. अक्षरओळख व जोडाक्षरांचा पद्धतशीर सराव चालूच ठेवावा. ज्यास अक्षरेच ओळखू येत नाहीत त्यास प्रथम तेथे मदत हवी. तसेच दीर्घ प्रयत्नांनंतरही एखादे मूल अक्षरांची सतत उलटापालट करीत असेल, किंवा पुस्तक डोळ्यांशी फार जवळ धरीत असेल, तर त्यास आळशी न ठरविता तज्ज्ञाकडून तपासणी करवावी.

९. समारोप

माहितीसाठी, अभ्यासासाठी, उपयोगासाठी वाचणे हे सर्व पुढे येतेच. परंतु जो मुलगा चौथीच्या अखेरीस पुस्तकाकडे पाठ फिरवितो, त्याच्यापुरते ते येत नाही. पाचवीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान असे सर्वच विषय वाचूनच शिकावे लागतात. तेथे मागे पडलेला मुलगा मंदबुद्धीचा ठरविला जातो व काही वर्षांत शाळेतूनही गळतो. तिसरी-चौथीची दोन वर्षे म्हणूनच मोलाची आहेत, आणि या दोन वर्षांत शिक्षकाच्या हाती असलेले एक स्वस्त, सोपे व प्रसन्न साधन म्हणजे हसविणारे पुस्तक होय.

येत्या सत्रात प्रत्येक शाळेने निदान एक विनोदी पुस्तक वर्गात वाचून दाखवावे व एक वर्गात तयार करावे. शेवटच्या ओळीतील मुलाकडे विशेष लक्ष असावे. तास संपल्याची घंटा झाल्यावर तो जागेवरून न उठता ‘गुरुजी, पुढचे प्रकरण केव्हा?’ असे विचारील, तेव्हा त्याच्या नावापुढे त्या दिवशीची तारीख वहीत लिहून ठेवावी.